तीन बोटांच्या रेषा

डिसेंबरात उत्तर नॉर्वेतल्या त्या गावात सूर्य उगवत नाही. दुपारच्या सुमारास दक्षिणेकडचं आभाळ जरासं निळं होतं, खाडीवरचं बर्फ त्याच रंगात बुडतं आणि थोड्या वेळाने सगळं पुन्हा मिटून जातं. तवमणीला त्या निळाईची इतकी सवय झाली होती, की त्या दिवसांत आपण नीट जागे नसतोच, असं ती धरून चालायची. हात काम करतात, पाय घरी नेतात, बाकीचे आपण कुठेतरी पाण्याखाली असतो.

काम मात्र उजेडावरचं होतं. मासळीच्या कारखान्यात तिच्यासमोर काचेचं टेबल असे आणि काचेखाली दिवा. कॉडचे सोललेले काप पट्ट्यावरून येत, ती एकेक काप काचेवर पसरी. उजेड मांसातून आरपार वर येई आणि आत राहिलेला काटा किंवा वेटोळं घालून बसलेला किडा सावलीसारखा दिसे. सुरीच्या टोकाने तो काढायचा, काप पुढे ढकलायचा. भोवती अंधार, समोर चौकोनी उजेड. श्रीलंकेतल्या जाफनाहून ती लग्न होऊन इथे आली तेव्हापासून हेच काम. नवरा याच कारखान्यात होता. तो हृदयाच्या दुखण्याने गेला. मूलबाळ नव्हतं. घरात ती आणि सासू, सेल्लम मामी, दोघीच.

"अक्का, बस आली," शेजारच्या टेबलावरची राजमलर म्हणाली. ती वयाने लहान, बोलायला मोठी.

"कुठली बस?"

"बायकांच्या छातीचे फोटो काढणारी. दुकानासमोर उभी केलीय. तुम्हाला पत्र आलं असणार."

"दर दोन वर्षांनी येतं. येतं, आणि ड्रॉवरमध्ये जातं."

"या वेळी काय कारण? कामाची पाळी? गुडघा? की मामींचं पथ्य?"

"वेळ नेमकी पाळीतच पडते गं."

"मी बदलून घेते पाळी. आणखी काही?" राजमलरने सुरीचं टोक कापात घातलं आणि एक किडा उचलून तवमणीसमोर धरला. "माशातला किडा बघायला दिवा लागतो. स्वतःचं म्हटलं की अंधारच बरा, नाही का?"

तवमणी हसली. पण हसताना तिला आई आठवली. ताडाच्या झापांच्या कुंपणाआड, विहिरीच्या काठावर बसलेली आई. पदराखाली एक घडी केलेलं फडकं असायचं, ते ती रोज धुवायची आणि कोणाला दिसू नये म्हणून झापांवर आतल्या बाजूने वाळत घालायची. घरात त्याला कोणी नाव दिलं नाही. बायका 'ते' म्हणायच्या. 'तिला ते झालंय.' नाव घेतलं तर येतं, असं मानायचे. नाव घेतलं नाही तरी ते आलंच, आणि आईला घेऊन गेलं. आई गेली तेव्हा तिचं जे वय होतं, त्या वयाची तवमणी या वर्षी झाली होती. ही गोष्ट तिने कोणालाही सांगितली नव्हती.

"घे बदलून पाळी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती न्हाऊन, केसांना तेल लावून निघाली. सेल्लम मामी खिडकीपाशी लोकरीची शाल गुंडाळून बसल्या होत्या. यांच्यात सासूला मामीच म्हणतात. मामींनी ऐंशी केव्हाच ओलांडली होती. विमानातून उतरल्यापासून त्या या गावाबाहेर पडल्या नव्हत्या, आणि कारखान्याच्या धक्क्यापलीकडचं सगळं जग त्या 'तिकडं' म्हणायच्या.

"कुठं निघालीस एवढी नटून?"

"बसमध्ये जाऊन येते."

"कुठं जाते ती बस?"

"कुठंच नाही. उभीच असते."

"उभ्या बसमध्ये बसायला न्हायला कशाला लागतं?"

मग सांगावंच लागलं. मामी उठून देवापुढची पितळी डबी घेऊन आल्या. नल्लूरच्या देवळातली विभूती होती ती. कोणी गावाकडून आलं की मूठभर आणायचं आणि मामी ती पुरवून पुरवून वापरायच्या. त्यांनी चिमूटभर तवमणीच्या कपाळाला लावली, मग काही न बोलता तिच्या पोलक्याचा गळा पुढे ओढला आणि आणखी एक चिमूट आत सोडली.

"मुरुगा, सांभाळ रे," त्या पुटपुटल्या. "तुझ्या आईला कोणी लावलं नसेल."

"आईला कोणी काही विचारलंही नाही, मामी."

बसच्या आत उबदार होतं, शंखाच्या आत असावं तसं. बाहेरचा वारा दूर कुठेतरी चालू होता. योरुन नावाची उंच, पिकल्या केसांची बाई मशीन चालवत होती. तिने तवमणीला समजेल असं सोपं सोपं नॉर्वेजियन काढलं आणि स्वतःच्या काखेत बोट फिरवत विचारलं, "क्रीम? पावडर? स्प्रे?"

"नाही," तवमणी म्हणाली.

तिने खोटं सांगितलं नव्हतं. क्रीम दुकानात मिळतं. पावडर चेहऱ्याला लावतात. विभूती म्हणजे देवाचं देणं, ती अंगाला 'लावलेली' वस्तू आहे, हे तिच्या मनातही आलं नाही. जसं कोणी 'अंगावर काही घातलंय का' विचारलं, तर आपण त्वचा घातलीय असं सांगत नाही.

थंड पाटीवर योरुनने तिची छाती हाताने ठेवली, वरून दुसरी पाटी खाली आली. दुखलं, पण सोसेल इतकं. श्वास धरा. सोडा. पुन्हा धरा. मग ती बाहेर बर्फात उभी होती, आणि तिच्या तोंडची वाफ निळ्या हवेत तिच्या आधी घराकडे निघाली होती.

डिसेंबर संपता संपता ट्रॉम्सोच्या मोठ्या इस्पितळातून पत्र आलं. राजमलरने ते जेवणाच्या खोलीत वाचलं, आधी मनात, मग मोठ्याने.

"पुन्हा बोलावलंय. फोटो परत काढायचेत. घाबरू नका असं लिहिलंय, पुन्हा बोलावलेल्यांतल्या बहुतेक जणींना काही निघत नाही."

"मग बोलावतात कशाला?"

"बघायला, अक्का. फोटोत पांढरे कण दिसलेत. बारीक, मिठासारखे." तिने तारीख पाहिली आणि ओठ चावला. "पोंगलच्याच दिवशी आहे."

त्या संध्याकाळी तवमणीने मामींना सांगितलं. पांढऱ्या कणांचं नाही, फक्त तारखेचं.

"सणाच्या दिवशी बोलावतात माणसाला?" मामी म्हणाल्या.

"त्यांना काय माहीत आपला सण."

मामींनी खिडकीबाहेरच्या काळोखाकडे पाहिलं. पोंगल म्हणजे सूर्याचा सण, आणि इथे त्या दिवशी सूर्य क्षितिजाखालीच असतो. तरी दरवर्षी त्या दक्षिणेकडे तोंड करून दूध उतू घालवायच्या.

"जा," त्या म्हणाल्या. "इथं सूर्यच सणाला येत नाही, तू नसलीस तर काय अडलंय!"

पण निघायच्या सकाळी त्यांनी तिला देवापुढे बसवलं. या वेळी चिमूट पुरली नाही. वाटीत विभूती पाण्याने कालवली, पोलक्याची बटणं सोडायला लावली आणि तीन बोटांनी तिच्या छातीवर आडव्या रेषा ओढल्या, एका बाजूने दुसरीकडे, पुरुष देवळात ओढतात तशा. रेषा वाळताना कातडी हलकेच ओढली जात होती. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या.

विमान लहान होतं, पंखे फिरवत किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारं. ते एका गावी उतरे, दोन माणसं उतरवी, एक घेई आणि पुन्हा उडे. खाली काळे डोंगर आणि त्यांच्यामध्ये गोठलेलं पाणी. तवमणीचा डोळा लागला. स्वप्नात विहीर होती, पण तिच्यात पाणी नव्हतं, उजेड होता. तळातून वर येणारा. आई काठावर बसून फडकं धूत होती आणि धुऊन धुऊन ते काचेसारखं झालं होतं. "बघ की आरपार," आई म्हणाली. "बघवत नाही," तवमणी म्हणाली, आणि जागी झाली.

उतरण्याआधी ती विमानाच्या अरुंद संडासात गेली. परक्या बायकांपुढे छातीवर पांढरे पट्टे कशाला, म्हणून तिने कागद ओला करून ते पुसले. वरचं पांढरं निघालं. आरशात काही दिसेना, तेव्हा तिने बटणं लावली.

इस्पितळातल्या डॉक्टरचं नाव सिग्ने. तरुण होती, केस पेन्सिलने बांधलेले. टेबलावर एक फोन होता आणि फोनमध्ये दुभाष्या. पुरुषाचा आवाज ऐकून तवमणी आक्रसली. त्यातून त्याच्या बोलण्याची ढब तिच्याच भागातली होती, जणू विहिरीपलीकडच्या घरातला कोणी भाऊ बोलत होता. अशा माणसासमोर छातीबद्दल बोलायचं!

"अक्का, डॉक्टर विचारतात," तो म्हणाला. त्यालाही अवघडल्यासारखं झालं असावं, कारण तो फार हळू बोलत होता. "अंगाला काही लावलंय का? क्रीम, पावडर, अत्तर असं काही?"

"नाही, तंबी." तिने त्याला धाकटा भाऊ करून टाकलं. त्याने दोघांनाही जरा बरं वाटलं.

पुन्हा पाट्या, पुन्हा श्वास. मग सिग्नेने तिला अंधाऱ्या खोलीत नेलं, फोन सोबत घेतला आणि एक मोठा पडदा उजळला. तवमणी थबकली. हे तर तिचं टेबल होतं. काळ्याशार अंधारात मांसाचा एक उजळ काप, त्यात बारीक फांद्या, धुक्यासारखे तंतू. ती आयुष्यभर जे माशांचं करत आली ते आज तिचं चाललं होतं. विचित्र म्हणजे, तिला भीती वाटली नाही. तिला ते सुंदर वाटलं.

मग तिला कण दिसले.

"डिसेंबरातल्या फोटोत थोडे होते," दुभाष्या सिग्नेचं बोलणं पोचवत होता, "विखुरलेले. आज खूप आहेत. डॉक्टर म्हणतात, इतक्या थोड्या दिवसांत इतके वाढत नाहीत. आणि ते... ते ओळीत आहेत म्हणतात. त्यांना कळत नाहीये."

सिग्ने पेन्सिलच्या टोकाने पडद्यावर दाखवत होती. कण उगाच पसरलेले नव्हते. एक बारीक वळणदार रेघ, तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी. मधलं अंतर सारखं. तवमणीने नकळत उजवा हात उचलला, तीन बोटं जुळवली आणि पडद्यापासून थोड्या अंतरावर हवेत फिरवली. रेघा बोटांवर बसल्या.

तिला हसू फुटलं. ते आवरेना. सिग्नेने घाबरून तिच्या पाठीवर हात ठेवला.

"अक्का? काय झालं? रडताय का?" फोनमधला आवाज म्हणाला.

"नाही रे तंबी. या आमच्या मामी आहेत."

"कोण?"

"मामींची बोटं. विभूती लावलीय त्यांनी. ओली करून."

पलीकडून एक दबलेलं "अय्यो" आलं आणि पाठोपाठ खळखळून हसू. "अक्का, मी विचारलं होतं की तुम्हाला!"

"तू पावडरचं विचारलंस. ही पावडर आहे का?"

"नाही," तो म्हणाला, आणि मग त्याने नॉर्वेजियनमध्ये बराच वेळ सिग्नेला काहीतरी समजावलं. शेणाच्या गोवऱ्या, राख, कपाळ, देऊळ. सिग्ने आधी पेन्सिल चावत ऐकत होती, मग तिने ती केसांतून काढून काहीतरी लिहून घेतलं. राखेत कॅल्शियम असतं, ती म्हणाली, आणि फोटोत कॅल्शियम पांढरं दिसतं, मग ते आतलं असो की वरचं.

एका नर्सने कोमट पाणी आणि साबण आणला. दोन फडकी राखाडी झाली. तवमणीला वाईट वाटलं, मामी दिसल्या त्यांत. पण तिने स्वतःच तिसरं फडकं मागून घेतलं आणि घासून घासून पुसलं.

पुन्हा फोटो. पुन्हा अंधारी खोली. या वेळी रेघा नव्हत्या. तंतू होते, धुकं होतं, सगळं स्वच्छ. सिग्ने हसणार तेवढ्यात थांबली. तिने चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. खोल, बरगडीच्या बाजूला, चार-सहा कण एकमेकांना चिकटून बसले होते, अंधारात दाटीवाटीने बसलेल्या माणसांसारखे.

"अक्का," दुभाष्या म्हणाला, आता तो हसत नव्हता. "डॉक्टर म्हणतात, हे वरचं नाही."

"दिसतंय मला."

"आधी राखेच्या गर्दीत हे वेगळं ओळखता येत नव्हतं, म्हणतात. सुई घालून थोडासा तुकडा काढावा लागेल. आज करता येईल. पण तुमचं दुपारचं विमान जाईल. नाहीतर पुन्हा तारीख घेऊन या."

तवमणी बाहेर कॉरिडॉरमधल्या बाकावर जाऊन बसली आणि तिने घरी फोन लावला. पुन्हा तारीख म्हणजे पुन्हा पत्र, आणि पत्राला ड्रॉवर ठाऊक होता. मामींनी फोन उचलला तो ओरडतच.

"थांब, थांब! वर येतंय!" मग फोन पातेल्याजवळ धरल्याची खरखर, दूध आणि गूळ फसफसल्याचा आवाज, आणि एकट्या म्हाताऱ्या गळ्यातून आलेलं, "पोंगलो पोंगल!" सणाला घरात निदान चार आवाज असावे लागतात त्या आरोळीला. तवमणीने बाकावर बसल्या बसल्या हळूच दुसरा मिळवला. समोरून जाणाऱ्या एका माणसाने वळून पाहिलं.

"कुठल्या बाजूने उतू गेलं?" तिने विचारलं.

"दक्षिणेला. चांगलं आहे. तुझं झालं का?"

"थोडं राहिलंय, मामी. उद्या येते."

"भात ठेवते झाकून," मामी म्हणाल्या.

सुईच्या आधी बधिर केलं. सिग्ने समोर पडद्याकडे बघत होती, नर्सने तवमणीचा हात धरला होता. टक, असा आवाज झाला, कुठेतरी फांदी मोडावी तसा, आणि तिला वाटलं, बर्फावरून कोणी चालत चाललंय, तिच्यापासून लांब, घाई न करता.

घरी आल्यावर तिने मामींना सगळं सांगितलं, रेघांचंही. मामी आधी चकित झाल्या, मग त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे माझ्या भस्मानेच दाखवून दिलं की त्यांना!"

तवमणीला हो म्हणणं सोपं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण तिला कुंपणाआडचं ते फडकं आठवलं, आणि सगळ्यांनी एकमेकांना बरं वाटावं म्हणून बोललेली वाक्यं आठवली.

"नाही, मामी. मी विचारलं डॉक्टरला. त्या म्हणाल्या, भस्म नसतं तर ते पहिल्याच फोटोत नीट दिसलं असतं. भस्माने ते झाकलं."

मामी उठून आत गेल्या. पुढचे काही दिवस त्यांनी फक्त स्वतःच्या कपाळाला विभूती लावली. तवमणी कामाला निघताना त्यांचा हात सवयीने डबीकडे जाई आणि मध्येच थांबे. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हरवल्यासारख्या दिसत होत्या, घरातल्या घरात रस्ता चुकल्यासारख्या.

इस्पितळाचा फोन आला तेव्हा दोघी टेबलाशी होत्या. सूर्य नुकताच परतला होता. दुपारी थोडा वेळ डोंगराच्या कडेवर एक तांबडी धार दिसे. तवमणीने फोन मोठ्या आवाजावर टाकून मध्ये ठेवला. मामींना वगळायचं नाही, हे तिने ठरवलं होतं. दुभाष्याचा आवाज तोच होता, किंवा त्या भागातल्या सगळ्या भल्या पुरुषांचे आवाज सारखे असतात.

"अक्का, तपासणीत... डॉक्टर सांगताहेत की... ते निघालंय."

"काय निघालंय?"

"ते. ते दुखणं."

"तंबी," तवमणी म्हणाली, "डॉक्टर जो शब्द म्हणाल्या तो गिळू नकोस. माझी आई त्या गिळलेल्या शब्दाने गेली. म्हण."

पलीकडे श्वास घेतल्याचं ऐकू आलं. "कॅन्सर, अक्का."

टेबलावर तो शब्द पडला. मामींनी डोळे मिटून घेतले. काहीच झालं नाही. केटलमधलं पाणी उकळत राहिलं, बाहेरून बर्फ ढकलणारी गाडी गेली.

"पण अगदी सुरुवातीचा," तो आता भराभर बोलू लागला, जणू अडलेलं पाणी सुटलं होतं. "जिथे उगवला तिथल्या दुधाच्या नळीतच आहे, बाहेर पडलेला नाही. छाती काढावी लागणार नाही. तेवढाच भाग काढतील, मग काही दिवस किरण देतील."

मामी फोनवर वाकल्या. "ऐ तंबी! ही बरी होईल का? खरं सांग. तुला तुझ्या आईची शपथ."

"अम्मा, मला माझ्या मनाचं काही सांगता येत नाही. डॉक्टरना विचारतो." नॉर्वेजियनमध्ये थोडं बोलणं झालं. "डॉक्टर म्हणतात, असं वेळेवर सापडलेल्या जवळजवळ सगळ्या बायका बऱ्या होतात. आणि विचारतात, पुढचा आठवडा चालेल, की कामाच्या सोयीने त्यानंतरचा?"

"पुढचाच," तवमणी म्हणाली.

फोन बंद झाला. मामी तशाच वाकून बसल्या होत्या, हात टेबलावर पालथे.

"मग मी काय करायचं?" त्या म्हणाल्या. आवाज अगदी लहान मुलीसारखा होता. "लावायचं नाही म्हणतेस. झाकतं म्हणतेस. मग मी इथं बसून करू काय?"

तवमणीने मामींच्या हातावर हात ठेवला. ती बोटं गार होती. मामींनी ती सोडवून घेतली, टेबलाला रेटा देऊन उभ्या राहिल्या आणि दाराजवळच्या खुंटीकडे चालू लागल्या.

"तिकडं थंडी कशी आहे?"

"कुठं तिकडं?"

"त्या तुझ्या इस्पितळाच्या गावी. माझा जाड कोट कुठं ठेवलास?"

"मामी, विमानाने जावं लागतं. चार ठिकाणी उतरतं ते. तुम्ही धक्क्यापलीकडे गेला नाहीत कधी."

"म्हणून काय झालं? मी काय चालवणार आहे ते?" मामी कोटात हात घालायला धडपडत होत्या, आणि उलटा धरलेला कोट त्यांना ऐकत नव्हता. "भात मिळतो का तिथं? की उकडलेले बटाटेच खात बसायचं?"

"बटाटेच असतात."

"मग डबा घेऊ," मामी म्हणाल्या. "आणि बघतेस काय नुसती, ही बाही धर."